काचेवर चिकटवलेलं पत्रक आणि कलम 14

कुपवाडच्या एका औषध-मार्केटिंग फर्मच्या मालकांनी विचारलंय: हिमाचलमधल्या बद्दीच्या कारखान्यातून बनवून घेतलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, डॉक्टरांसाठी छापलेलं पत्रक मिरजेतल्या एका मेडिकलवाल्याने काचेवर लावलं. अन्न व औषध प्रशासनाची नोटीस आली. ‘हार्ट ॲटॅकचा धोका 25 टक्क्यांनी कमी’ हा आकडा चाचणीतलाच आहे, मग आमचं चुकलं काय? अशी पत्रं वरचेवर येतात, प्रश्न हाच असतो.

आकडा खरा की खोटा, ते नंतर पाहू. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट, 1954 च्या कलम 3 नुसार परिशिष्टातल्या रोगांवर औषधाची जाहिरातच करायची नाही, मग दावा खरा का असेना. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब हे सगळे त्या परिशिष्टात आहेत. तुमच्याकडे दार एकच, कलम 14(सी): गोपनीय रीतीने, फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना पाठवलेल्या जाहिरातीला हा कायदा लागत नाही. पाठवायची रीत नियम 6 मध्ये आहे. डॉक्टर किंवा केमिस्टच्या नावा-पत्त्यावर पोस्टाने, आणि माथ्यावर न पुसणाऱ्या शाईत ‘केवळ नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय वा प्रयोगशाळेच्या उपयोगासाठी’ हा मजकूर. तुम्ही मात्र पत्रकाचा फोटो मेडिकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात. संरक्षण तिथेच गेलं, काच हा पुढचा भाग. एमआरने, म्हणजे कंपनीच्या औषध-प्रतिनिधीने, हातोहात दिलेली पत्रकं पोस्टाच्या अटीत बसतात का, यावर वाद घालता येईल. निकालाची खात्री मी देणार नाही.

‘मजकूर कारखान्याने दिला’ हे सांगू नका. प्रसिद्धीत कुठलाही भाग घेणारा कलम 3 मध्ये येतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाची जाहिरात केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय करायची नाही, त्यामुळे बद्दीवालेही यात ओढले जाऊ शकतात. पत्रक 14 महिन्यांपूर्वी छापलं, म्हणून खटला भरण्याची एक वर्षाची मुदत संपली, हा तुमचा हिशेबही कच्चा आहे. काचेवर लागलं तो दिवस मोजला जाईल, छपाईचा नव्हे.

आता तो आकडा. तुम्हीच पाठवलेल्या मूळ लेखात औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात 1000 पैकी 40 जणांना पाच वर्षांत झटका आला, औषधाच्या गटात 30 जणांना. 40 चे 30 म्हणजे 25 टक्के घट, बरोबर. पण रुग्णाच्या हिशेबात ती 4 टक्क्यांवरून 3, म्हणजे एकच टक्का. 100 जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा झटका टळतो. दोन्ही आकडे शेजारीशेजारी, एकाच टायपात, मुदतीसह छापले असते तर पत्रक न्याय्य ठरलं असतं. तुमचा स्तंभालेख शून्याऐवजी अडीच टक्क्यांपासून सुरू होतो, म्हणून औषधाचा खांब दुसऱ्याच्या तिप्पट बुटका दिसतो. स्नायुदुखीची ओळ तळाशी, भिंग लावून वाचावी अशी. शिवाय ही चाचणी आधी झटका येऊन गेलेल्यांवर झाली आणि तुमच्या ब्रँडवर झालीच नाही, हे पत्रकात कुठेच नाही. दिशाभूल धरणारं कलम 4 यासाठीच आहे. 12 मार्च 2024 ची यूसीपीएमपी, म्हणजे औषधांच्या मार्केटिंगची केंद्राची संहिताही, दावा संतुलित आणि पुराव्याने सिद्ध करता येण्याजोगा मागते. ‘दुष्परिणाम नाहीत’ असं ठाम लिहायला ती मनाई करते. पुढची छपाई करण्याआधी चाचणी सीटीआरआयसारख्या (भारतातल्या औषध-चाचण्यांच्या) नोंदवहीत शोधा. तिथे मुख्य निष्कर्ष म्हणून नोंदवलेली गोष्टच तुम्ही ठळक छापताय ना, की एखाद्या उपगटातला सोयीचा आकडा उचललाय? असा उचललेला आकडा पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

नोटिशीला 15 दिवस होते. त्यातले 11 तुम्ही ‘सगळेच करतात’ असं फोनवर सांगण्यात घालवलेत, आणि ते वाक्य आता त्यांच्या टिपणात असणार. चार दिवसांत लेखी उत्तर सांगलीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या, आवक शिक्का घ्या. किती छापली, कुणाला दिली, किती उरली, हे पावत्यांसह लिहा. तक्रारीची प्रत मागा. ग्रुपवरचा मेसेज काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मिरजेचं पत्रक आजच उतरवून घ्या आणि उरलेल्या गठ्ठ्यासोबत सीलबंद ठेवा. त्यातलं एकही फाडू नका.