शालूसुद्धा तूच रंगव

प्रिय मित्रा,

व्यक्तिचित्रं पोटासाठी आणि निसर्गचित्रं स्वतःसाठी, अशी वाटणी तू करून टाकलीस. आता एका बाईंचं चित्र हाती आलंय आणि विचारतोस, चेहरा मी करतो, शालू-दागिने मित्राकडून रंगवून घेतले तर चालेल का? नाही चालणार.

वैताग मला कळतो. अठराव्या शतकातला इंग्लंडचा चित्रकार गेन्सबरो, तोही वैतागला होता. या चेहऱ्यांचा वीट आलाय, आपलं वाद्य उचलावं आणि एखाद्या खेड्यात निसर्गचित्रं काढत बसावं, असं त्याने मित्राला लिहिलं होतं. गेला मात्र नाही. बायको होती, दोन मुली होत्या. 1774 मध्ये तो लंडनला आला. घरात त्याची निसर्गचित्रं रांगेने उभी असत आणि स्वतःचं चित्र काढून घ्यायला आलेली बडी मंडळी तिकडे ढुंकूनही बघत नसत. कपडे रंगवायला रेनॉल्ड्सकडे, त्याच्या प्रतिस्पर्धी चित्रकाराकडे, वेगळी माणसं होती. गेन्सबरोच्या हाताखाली होता तो एक भाचा. रेशीम, जाळी, लेस यांत गेन्सबरोचा स्वतःचाच जीव अडकलेला.

त्याचं 1785 चं ‘मॉर्निंग वॉक’ हे चित्र बघ, नवं जोडपं फिरायला निघालंय. नवरीचा झिरझिरीत झगा आणि मागची पानं एकाच हाताने सळसळतात. जे निसर्गचित्र कुणी विकत घेत नव्हतं, ते त्याने झग्यात घातलं! आणि तू तीच जागा मित्राला देतोयस.

हट्टी होता, हे खरं. 1784 मध्ये लंडनची रॉयल अकादमी आपल्या प्रदर्शनात त्याने काढलेलं राजकन्यांचं चित्र फार उंचावर टांगणार म्हटल्यावर त्याने सगळी चित्रं परत नेली. पुन्हा तिथे कधी मांडली नाहीत. (मी असं केलं तेव्हा लोक मला तिरसट म्हणाले. असो.)

फेटा दुसऱ्याने रंगवला की खालची मान कुणाची ते कळेनासं होतं. हे सांगून मी कामं गमावली. संस्थापकांची चित्रं घाऊक काढणाऱ्या माझ्या सोबत्यांचे बंगले झाले, मी अजून भाड्याच्या जागेत. नदीकाठची चित्रं काढायची राहिली ती राहिलीच, त्याची हळहळ आहे. पण माझ्या एकाही चित्रात परक्याचा हात नाही. त्याने काय मिळालं, हे घरी विचारून झालंय; तू विचारू नकोस.

त्या बाईंना सांग, वेळ लागेल. शालू मागवून घे, फोटोवर भागवू नकोस. मित्राला पैसे कबूल केले असशील तर देऊन टाक. रंगवायला तू बस.