जेवणाच्या सुट्टीतले ठोकळे

प्रश्न : सोलापुरातील चादरींच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. मुलीचे जुने लाकडी ठोकळे खणात ठेवले असून जेवणाच्या सुट्टीत मनोरे रचण्यात मी रमून जातो. सहकारी याला पोरखेळ म्हणतात. सोडून द्यावे का?

उत्तर : मुळीच नाही. खेळातूनच मूल शिकते, या श्रद्धेने जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि मुलांच्या हाती असेच ठोकळे दिले; लहानपणी ते हाताळलेले वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट मोठेपणीही त्यांचे ऋण मानत असत. आपणही एक रचना करून पाहावी. चार सारखे लांबट ठोकळे टेबलाच्या कडेवर एकावर एक असे ठेवावेत, की सर्वांत वरचा आपल्या खालच्याच्या पुढे निम्मा, वरून दुसरा पाव, तिसरा एक षष्ठांश आणि तळचा कडेपुढे एक अष्टमांश येईल, मात्र प्रत्येक वेळी केसभर हात राखून. वरचा ठोकळा पूर्णपणे कडेबाहेर जातो, तरीही मनोरा तोलून राहतो. (तो ठेवताना श्वास आपोआप रोखला जातो, हा माझा अनुभव.) हिशेब जाणणाऱ्या माणसाला यात आनंद वाटला, तर त्यात संकोच कसला? उद्या तो शेवटचा ठोकळा हसणाऱ्या सहकाऱ्याच्याच हाती द्यावा.