लेखनाचं काम, पण पैसे कुणी कुणाला द्यायचे?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, मराठीत एम. ए. केलंय. घरबसल्या लेखनाचं काम देतो म्हणून एकानं नोंदणीचे १,५०० रुपये घेतले. आता फोन उचलत नाही. खरी कामं कुठं मिळतात?

उत्तर : आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आजच. आणि लक्षात ठेवा, लिहिणाऱ्याकडूनच पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे.

फाइव्हर, अपवर्क या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइटवर खातं उघडता येतं. फाइव्हर मात्र तुमच्या कमाईतले २० टक्के कापून घेतं, तेव्हा दर ठरवताना ते धरूनच सांगा. ‘मी सगळं लिहिते’ असं तिथं लिहू नका. मीही तेच लिहिलं होतं. तीन महिने कुत्रं फिरकलं नाही.

मग हुपरीच्या एका चांदीवाल्याचं पान बघितलं. पैंजणाच्या फोटोखाली नुसतं ‘सुंदर डिझाइन’! वजन किती, घुंगरू किती, काळं पडलं तर काय करायचं, काही नाही. मी पाच पैंजणांचं वर्णन फुकट लिहून पाठवलं (फुकट तेवढंच बरं का!). सहाव्यापासून नगाला साठ रुपये ठरले. तेच नमुने दाखवून पुढची कामं ऑनलाइन मिळाली.

तुमच्याकडं चपलांची दुकानं आहेत, गूळवाले आहेत. तिथनं सुरुवात करा. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या, दर आणि दुरुस्त्या किती वेळा ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी एकदा तोंडी ठरवलं आणि एकच मजकूर नऊ वेळा बदलून दिला.