‘शारदा’ नाटक आणि शारदा कायदा

प्रश्न : ‘संगीत शारदा’ या नाटकामुळेच बालविवाहाला बंदी घालणारा ‘शारदा कायदा’ झाला, असे अनेकदा ऐकले आहे. साहित्यकृतीची इतिहासाशी अशी थेट सांगड घालता येते का?

उत्तर : सांगड जरूर घालावी, पण हे उदाहरण त्यासाठी चालणार नाही. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला शारदा कायदा म्हणू लागले ते विधेयक मांडणारे अजमेरचे हरविलास सारडा यांच्या आडनावावरून. गोविंद बल्लाळ देवलांचे नाटक त्याआधी तीस वर्षे, १८९९ मध्ये, रंगभूमीवर आले होते. नावांच्या या साम्यामुळे मराठी मनाने दोन्हींची गाठ परस्पर मारून टाकली.

शिवाय दोन्हींचा रोख वेगळा आहे. देवलांनी कोरडे ओढले ते पंचाहत्तरीतही बाशिंग बांधायला निघालेल्या भुजंगनाथावर, पैशाच्या लोभाने त्याला आपली मुलगी शारदा देणाऱ्या कांचनभटावर आणि हा सौदा जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षितावर. कायद्याने मात्र मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ एवढेच ठरवले; वधूवरांच्या वयातील अंतराबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे मुलीला चौदा वर्षे पूर्ण झाली असती, तर एखाद्या भुजंगनाथाला या कायद्याने अडवले नसते.

मग नाटकातून इतिहास कळतो तो कुठे? माझ्या मते, नाटककाराने जे मुद्दाम सांगितले त्यापेक्षा जे गृहीत धरले त्यात. ऐन मांडवात लग्न मोडते ते वर म्हातारा आहे म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे नाटकाचा तरुण नायक कोदंड उघड करतो म्हणून. नवऱ्याच्या वयाची प्रेक्षकांना चीड येत असे, हे देवल जाणून होते. पण चालू लग्न थांबवण्याइतके वजन त्या काळी शास्त्राच्या आधारालाच होते. नाटकाच्या आठच वर्षे आधी, १८९१ मध्ये, संमतिवय म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय १० वरून १२ करणाऱ्या कायद्यावरून महाराष्ट्रात रण माजले होते आणि परकीय सरकारने आपल्या सामाजिक रूढींत हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की कोदंडाने सरकारदरबारी न जाता गोत्राचा आधार घेणे ही निव्वळ कथानकाची सोय वाटत नाही.

नाटकावरून काढू नये असा निष्कर्ष म्हणजे असे विवाह किती होत असत हा. त्यासाठी जनगणनेचे अहवाल पाहावेत, तसेच मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीचा १९२९ चा अहवालही. मात्र स्वतःच्या लग्नाचा व्यवहार ठरत असताना ज्या मुलीला कोणी काही विचारत नाही, तिची भीती त्या आकड्यांत सापडणार नाही; त्यासाठी पुन्हा देवलांकडेच यावे लागेल.