डच जोडशब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा?

'टांडआर्ट्स' (दातांचा डॉक्टर) हा शब्द ओळीच्या शेवटी 'टान-डार्ट्स' असा तोडला तर चूक का, असं तुम्ही विचारलंय. चूक अशी, की हा 'टांड' (दात) आणि 'आर्ट्स' (डॉक्टर) यांचा समास आहे आणि डच समास आधी सांध्यावर तुटतो: टांड-आर्ट्स. तुम्ही साध्या शब्दाचा नियम लावलात. साध्या शब्दात मधलं एकटं व्यंजन पुढच्या तुकड्याला मिळतं, दोन असली तर बहुतेक वेळा एक इकडे, एक तिकडे. म्हणून 'टांडन' (अनेक दात) मात्र टान-डन असाच तुटतो.

हा सांधा कानालाही कळतो. डचमध्ये शब्दाच्या शेवटचा ड बोलताना ट होतो, आणि समासातल्या पहिल्या शब्दाचा शेवट हा शेवटच धरतात. म्हणून लिहायचं ड, म्हणायचं 'टांट-आर्ट्स'. 'टांडन'मध्ये ड तसाच राहतो. आपणही 'फुल्-पाखरू' म्हणतो, 'फु-लपाखरू' नाही. जोड ठाऊक असतो म्हणून.

जोड चुकला की अर्थ बदलतो. त्याच रोमन अक्षरांत लिहिलेला 'क्वार्ट-स्लाखन' म्हणजे पाव-पाव फेरे, 'क्वार्ट्स-लाखन' म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचे थर. मधे नुसता जोडणारा स आला, तर तो नेहमी डाव्या शब्दाचा: 'फरकेर्स-ऑनखफाल' (रस्त्यावरचा अपघात).

आता जोर. 'पहिल्या अक्षरावर जोर' हे अर्धवट शिकवणं आहे. नाम असलेल्या समासात मुख्य जोर बहुधा डाव्या शब्दावर पडतो, पण त्या शब्दात तो मुळात जिथे असतो तिथेच. 'मासाझ' (मसाज) या शब्दाचा जोर 'सा'वर, म्हणून 'मासाझ-बेड' (मसाजचा पलंग) म्हणतानाही 'सा'वरच. तीच रोमन अक्षरं 'मासा-खबेड' (सामुदायिक प्रार्थना) अशी वाचली की जोर पहिल्या 'मा'वर येतो, आणि झ जाऊन घशातला ख येतो! उजव्या शब्दाला दुय्यम जोर असतोच, त्यामुळे त्याचे स्वर गिळू नका.

अपवाद पाठ करावे लागतात. 'स्टाटहाउस' (नगरपालिकेची इमारत) याचा जोर 'हाउस'वर आहे, आणि त्यापुढे 'प्लाइन' (चौक) जोडला तरी तो तिथून हलत नाही. 'आइसकाउट' (बर्फासारखं गार) हे विशेषण वाक्याच्या शेवटी आलं तर जोर 'काउट'वर, नामाआधी आलं तर 'आइस'वर सरकतो.

तोडण्याबद्दल शंका आली तर 'हेट ख्रूने बूक्ये' ही अधिकृत शब्दसूची पाहा. तिच्यात प्रत्येक शब्दाच्या तोडण्याच्या जागा दिलेल्या असतात.