आजीची उगवती आणि मेंदूचा अभ्यास

प्रश्न : ताई, आमची आजी डावं-उजवं कधीच म्हणत नाही, 'उगवतीच्या कोनाड्यातला तांब्या आण' म्हणते, वावराचा धुरा पण उगवतीचा नाहीतर मावळतीचा. पोरगा बारावीला हाये, त्याले मेंदूचा अभ्यास करायचा हाये. तो म्हणते मानवशास्त्र म्हणजे रीतीरिवाज, त्याचा मेंदूशी काय संबंध? खरंच नाही का काही?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आहे ना भाऊ, अन् तो तुमच्या घरच्या कोनाड्यातच आहे! मेक्सिकोतल्या तेनेहापा भागात त्सेल्ताल भाषा बोलतात, तिथले लोक वस्तू कुठे आहे ते चढाकडे-उताराकडे असं सांगतात. हे कळलं ते तिथं जाऊन राहिलेल्या, भाषा शिकलेल्या मानवशास्त्राच्या अभ्यासकांमुळे. मग भाषा आणि विचार यांचा अभ्यास करणारे स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रयोग केला, टेबलावर खेळण्यातले प्राणी ओळीत मांडले, बघणाऱ्याला मागे वळवलं आणि दुसऱ्या टेबलावर तशीच ओळ लावायला सांगितली. डच लोकांनी बहुतेक डावं ते डावंच ठेवलं, त्सेल्ताल लोकांनी बहुतेक दिशा कायम ठेवली, म्हणजे त्यांच्या अंगाच्या हिशोबाने ओळ उलटीच झाली.

पण भाषेमुळेच असं होतं का, यावर जोरदार भांडण आहे. 2002 मध्ये पेगी ली आणि लीला ग्लाइटमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की जवळ ठळक खूण ठेवली तर इंग्रजी बोलणारे अमेरिकन विद्यार्थीही त्या खुणेच्या हिशोबानेच मांडतात. लेव्हिन्सननी त्याला उत्तर दिलं, वाद अजून मिटला नाही, आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण गावात राहिलेला माणूस नसता तर प्रश्नच पडला नसता आणि प्रयोगवाला नसता तर तो तपासला कोणी असता?

1978 च्या स्लोन फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या अहवालात बोधविज्ञानाचे, म्हणजे मन-मेंदू विचार कसा करतो या अभ्यासाचे, सहा विषय धरले होते, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, कॉम्प्युटर, मज्जाविज्ञान (मेंदू-नसांचा अभ्यास) आणि सहावं मानवशास्त्रच. पुढे ते मागे पडलं. माझ्या मते यात मोठं नुकसान झालं, शहरातल्या कॉलेजच्या पोरांवर प्रयोग करून 'माणूस असा विचार करतो' म्हणायचं हे मला पटतच नाही.

पोराला म्हणा, आजीवरच करून बघ. फक्त घरी नको, घराच्या खुणा तिला पाठ असतात. परक्या गावी, ऊन दिसत नाही अशा खोलीत आधी विचार, आजी उगवती कोणीकडे?