वाघ नको, धामण काढा

प्रश्न : आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे कॉलेजवाले. एक मोठी भिंत मिळालीय रंगवायला आणि वन्यजीव वाचवा असं काहीतरी करायचंय. बहुतेकांचं म्हणणं वाघ काढू, पण एकजण अडून बसलाय की आपल्याकडे वाघ आहेच कुठे. आणि मुळात चित्र काढून काही फरक पडतो का हो?

उत्तर : त्या अडून बसलेल्याच्या हातात पहिला ब्रश द्या, तो बरोबर बोलतोय. वाघ सगळ्यांना आवडतोच, त्याचं चित्र बघून लोक छान म्हणतात आणि पुढे जातात. तुमच्या आसपास लोक ज्याला घाबरतात, हाकलतात, दिसला की काठी उचलतात, तो प्राणी काढा ना.

आसामात हरगिला नावाचा करकोचा आहे, टक्कल, गळ्याला लोंबती पिशवी, घरट्याखाली सडक्या मांसाचा वास, त्यामुळे लोक घरट्यासकट झाडंच तोडायचे. तिथल्या वन्यजीव अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन तेव्हा पीएचडी करत होत्या, ती बाजूला ठेवून त्या गावातल्या बायकांमध्ये जाऊन बसल्या आणि पुढे त्याच बायका मागावर साड्यांमध्ये हरगिला विणायला लागल्या. जो पक्षी दारात नको होता तो पदरावर आला! त्यांना 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कारही मिळाला. आता फरक पडतो का ते तुम्हीच ठरवा, फक्त तिथे नुसतं चित्र नव्हतं, आधी माणसांशी बोलणं होतं.

तुमच्यासाठी मला धामण सुचते. बिनविषारी, उंदीर खाणारी, आणि नाग समजून हकनाक मारली जाणारी. सहा-सात फुटांची, खऱ्या मापात काढा, शेजारी फणा काढलेला नाग. धामणीचे डोळे टपोरे असतात आणि ओठांवरच्या खवल्यांच्या कडा काळ्या, तोंडाला टाके घातल्यासारखं दिसतं बघा, ते नीट उतरलं पाहिजे. (ते टाके खऱ्या सापाजवळ जाऊन मोजायचे नाहीत, लांब राहून सर्पमित्राला बोलवायचं, हे भिंतीवरच मोठ्या अक्षरात लिहा.)

चुका करू नका एवढंच. आम्ही एकदा गव्हाणी घुबड काढलं आणि डोळे पिवळेधमक रंगवले, आठवडाभर खुश होतो, मग एका शाळकरी पोराने येऊन सांगितलं की याचे डोळे काळे असतात. परत शिडी लावली, काय करणार.

स्केचसाठी फोटो लागले तर घरट्यापाशी गर्दी करू नका आणि लोकेशन तर अजिबात टाकू नका. आणि हो, रंग बाहेरच्या भिंतीचाच घ्या, स्वस्त पडतो म्हणून घरातला डिस्टेंपर लावलात तर पहिल्या पावसात धामण गटारात.